पायरीबाईंनी परत केलेला फॉर्म

आमच्या संध्याकाळच्या कॉलेजात, इलेक्ट्रिकल विभागाच्या ऑफिसात एक बाई होत्या. हुद्दा क्लार्कचा. दर सत्राच्या सुरुवातीला मुलांचे विषयनोंदणीचे फॉर्म घ्यायचे, शिक्का मारायचा आणि गठ्ठा बांधून विभागप्रमुखांकडे सहीला पाठवायचा, एवढंच काम. मुलं म्हणायची पद्धत म्हणून मुलं. होती सगळी तीस-चाळिशीची, दिवसभर कुठेतरी राबून संध्याकाळी पाचला वर्गात येऊन बसणारी माणसं. बाईंच्या आधीच्या क्लार्कने हेच काम मान वर न करता आयुष्यभर केलं. बाई मात्र फॉर्म वाचायच्या. सगळी पंचाईत तिथेच होती.

मी समोरच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मोटारी पुसायच्या, मीटर मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे, जळालेल्या वायरी बदलायच्या. दोन्ही दारं उघडी असली की बाईंचं टेबल मला सरळ दिसायचं, आणि ऐकू तर न दिसताही यायचं, कारण बाईंचा आवाज खणखणीत. बावीस वर्षं मी तो आवाज ऐकला.

"मशीनचा पुढचा पेपर घेताय. कॉम्प्लेक्स नंबर झालेत का?"

"शाळेत थोडे झाले होते, बाई."

"शाळेत मला गाणंही थोडं होतं. गाऊन दाखवू?"

समोरचा ओशाळून हसायचा आणि फॉर्म परत घ्यायचा. बाई त्याच्याच फॉर्मच्या मागे पेन्सिलीने लिहून द्यायच्या: आधी हे घ्या, मग हे, आणि मग तुम्हाला हवं ते. टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी स्वतः आखलेला तक्ता होता. खालच्या ओळीत सगळं गणित, वरच्या ओळीत सगळे विजेचे विषय, आणि खालून वर जाणारे बाण. सिग्नलच्या पेपराआधी फूरिये, कंट्रोलच्या आधी डिफरन्शियल इक्वेशन आणि लाप्लास, फील्ड थिअरीच्या आधी व्हेक्टर कॅल्क्युलस, पॉवर सिस्टिमच्या आधी मॅट्रिक्स. कॉलेजच्या नियमात यातलं काही सक्तीचं नव्हतं. माहितीपत्रकात बारीक अक्षरात 'शिफारस' असं लिहिलेलं असायचं, आणि ते बारीक अक्षर वाचणाऱ्या अख्ख्या कॉलेजात बाई एकट्याच. पण सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, एक सवय लागून गेली होती. बाईंचा शिक्का दिसला की डोळे झाकून सही, नसला की "बाईंनी पाहिलं का?" त्यामुळे नियम नसतानाही बाईंच्या हातात सगळं होतं.

"एक पायरी गाळली की दोन दात पडतात," असं त्या येताजाता म्हणायच्या. त्यावरून मुलांनी त्यांचं नाव पायरीबाई पाडलं. बाईंना ते माहीत होतं. एकदा कागदाची रिमं घेऊन आलेल्या माणसाने दारातून विचारलं, "पायरीबाई कोण इथे?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "मीच. त्या कपाटाशी ठेवा."

हे सगळं गणित क्लार्कला कसं माहीत, असा प्रश्न नव्या माणसाला पडायचा. मला पडला तेव्हा मी विचारलं नाही. त्यांनीच एका परीक्षेच्या दिवशी सांगितलं. आम्हा दोघांना एकाच वर्गावर देखरेखीला बसवलं होतं. वर्गात शंभर माणसं खाली मान घालून लिहीत होती.

"भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीतला तो बाक आहे ना, तिथे मी बसायचे."

विसाव्या वर्षी त्या याच विभागात विद्यार्थिनी होत्या. हुशार होत्या, आणि हुशारीची घाईही होती. पहिल्याच वर्षी कंट्रोलचा पेपर घेतला. तेव्हाच्या क्लार्कने शिक्का मारला, कोणी काही विचारलं नाही. फळ्यावर पहिल्या दिवसापासून डिफरन्शियल इक्वेशन. बाईंना वाटलं, आपण मंद आहोत. हे गणित आधी शिकायचं असतं, न शिकता बसलं तर कोणालाच कळत नाही, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. पेपर तीनदा दिला, तीनदा गेला. एकाच विषयात तीनदा नापास झालं की नाव कमी करायचं, हा मात्र नियम होता आणि तो सक्तीचा होता. घरी वडील म्हणाले, झालं तेवढं पुरे. चार वर्षांनी ऑफिसात जागा निघाली तेव्हा त्यांनी अर्ज केला. ज्या दारातून बाहेर काढलं त्याच दाराशी टेबल मिळालं. मग एकेक पुस्तक ग्रंथालयातून काढून त्या सगळं गणित क्रमाने शिकल्या. परीक्षा द्यायची सोय उरली नव्हती, नुसत्या शिकल्या.

"मला कळलं भाऊ, की मी मंद नव्हते," त्या म्हणाल्या. "पण ते कळेपर्यंत मी पस्तिशीची झाले होते."

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

तर अशा बाईंच्या टेबलाशी एका दुपारी एक वायरमन येऊन उभा राहिला. वीज कंपनीत सोळा वर्षं खांबावर काढलेला, एकोणचाळीस वर्षांचा. रुंद पंजे, उजव्या हाताचं एक बोट जुन्या भाजण्याने ताठ झालेलं. डिप्लोमा तरुणपणीच झाला होता, आता डिग्री करायची होती. फॉर्ममध्ये त्याने पहिलाच विषय लिहिला होता: पॉवर सिस्टिम प्रोटेक्शन. म्हणजे विजेच्या जाळ्यात कुठे बिघाड झाला तर तो रिले नावाच्या, आपोआप चालणाऱ्या उपकरणाने कसा ओळखायचा आणि तेवढाच भाग कसा तोडायचा, त्याचं शास्त्र. विभागातला सगळ्यात वरच्या ओळीतला विषय.

त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती कामाला होती, तिथून थेट आली असावी, कारण तिच्या बाहीला निळे दोरे चिकटले होते.

बाईंनी फॉर्म वाचला. "बसा. एक विचारते. एक कपॅसिटर, एक रेझिस्टर, बॅटरी जोडली. व्होल्टेज कसं चढेल?"

त्याने ताठ बोटाने टेबलावर रेघ ओढली. "आधी झपकन. मग रेंगाळत रेंगाळत."

"छान. आता हेच समीकरणात मांडा."

तो बोटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाई, मी रोज तेहतीस हजार व्होल्टच्या खाली उभा असतो. वीज काय चीज आहे ते मला माहीत आहे."

"तुम्हाला वीज माहीत आहे, त्याबद्दल वादच नाही. पण इथे ती कागदावर चालते, आणि कागदावर तिची भाषा वेगळी आहे. पन्नास ठिकाणी जोडलेलं जाळं, त्यात एका जागी शॉर्ट. पन्नास समीकरणं एकदम सोडवायची. मॅट्रिक्स आलं नाही तर कुठून सुरुवात करणार?"

मग त्याने खरं कारण सांगितलं. कंपनीच्या रिले टेस्टिंग खोलीत सहायकाची एक जागा निघाली होती. खालच्या मजल्यावरची खोली, टेबल, खुर्ची, तपासायला रिले. अट अशी की उमेदवाराने महिनाअखेरपर्यंत हा विषय एखाद्या कॉलेजात नोंदवलेला हवा. पास नंतर झालं तरी चालेल. "नुसती नोंदणी दाखवायची आहे, बाई. एक शिक्का."

मी दारात पकड पुसत उभा होतो. बाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला.

"आणि सहा महिन्यांनी नापास झालात की?" त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला खुर्चीवरून उठवून परत खांबावर पाठवतील. पुन्हा द्याल, पुन्हा जाईल. तिसऱ्यांदा इथलं दार बंद. कायमचं. मी काही ऐकीव सांगत नाही. या कॉलेजात माझंच नाव असं कमी झालंय."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. 

बाईंनी फॉर्म पालटला आणि पेन्सिल घेतली. पहिलं सत्र: कॅल्क्युलसचा दुसरा भाग आणि कॉम्प्लेक्स नंबर. दुसरं: डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स. तिसरं: लाप्लास, व्हेक्टर कॅल्क्युलस, आणि सोबत सर्किटचा एक पेपर, हात मोकळा व्हायला. चौथ्या सत्रात प्रोटेक्शन. "तेव्हा हा पेपर तुमच्या हातचा मळ असेल. जागा काय, परत निघतात."

तेवढ्यात बायको आत आली. तिने विचारलं, "म्हणजे खांबावरून खाली कधी येतील हे?"

"दीड वर्षाने," बाई म्हणाल्या. "पण आले की परत वर जावं लागणार नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो सरळ सरांकडे जाऊ शकला असता. सर मऊ माणूस, दोनदा विनवलं असतं तर शिक्क्याशिवायही सही दिली असती. हे त्यालाही बाहेर कोणीतरी सांगितलंच असणार, कारण त्याच्याच कंपनीतला दुसरा एक वायरमन त्याच आठवड्यात तसा जाऊन सही घेऊन आला होता. पण हा उठला, फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "तुमचं ऐकतो, बाई."

जागा त्या दुसऱ्याला मिळाली.

पुढचं वर्ष मी त्या माणसाला रोज पाहिलं. पाच वाजता यायचा, कमरेचा पट्टा सोडून माझ्या खोलीत कपाटामागे ठेवायचा, तोंड धुवायचा आणि वर्गात जायचा. सुरुवातीला त्याचे फार हाल झाले. वीस वर्षांनी पेन धरलेलं. आकडेमोड करताना ताठ बोट मध्ये यायचं. बाई रोज त्याला ऑफिससमोर अडवायच्या. "काल कुठे अडलं?" तो सांगायचा. बाई उभ्या उभ्या कागदावर दाखवायच्या. हळूहळू तो बोलायला लागला, थट्टाही करायला लागला.

"ह्याला काल्पनिक संख्या का म्हणतात, बाई? आम्ही तर ती रोज मीटरवर वाचतो."

"नाव ठेवणाऱ्याने मीटर पाहिला नव्हता."

"आमच्या साहेबांचं बढतीचं आश्वासनही काल्पनिकच असतं. ते मात्र कुठल्याच मीटरवर दिसत नाही."

बाई हसल्या. त्या मोठ्याने हसल्या की मला खोलीतून बाहेर यावंसं वाटायचं, इतकं ते दुर्मीळ.

पहिल्या सत्रात तो पास झाला, काठावर. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर एकदा तो वर्ग सुरू व्हायच्या आधीच धावत ऑफिसात आला. हातात वही. "बाई, ते रेंगाळणं सापडलं."

"कुठलं?"

"कपॅसिटरचं. जेवढं भरायचं उरलंय तेवढ्याच हिशेबाने त्याचा वेग. उरलेलं कमी, की वेग कमी. म्हणून ते रेंगाळतं. म्हणून ते कधी पुरतं भरतच नाही. सोळा वर्षं नुसतं बघत होतो, आज लिहिता आलं."

बाईंनी वही घेतली, दोन्ही पानं वाचली आणि परत दिली. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, हा माणूस चौथ्या सत्रापर्यंत शिकवणाऱ्याला प्रश्न विचारेल, बघा तुम्ही."

सत्र संपलं. परीक्षा झाली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरूनच कळलं. पट्टा घ्यायला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "एक गणित राहिलं. बाकी सगळं आलं." मी म्हटलं, "राहिलेलं सोडा आता." तर म्हणाला, "घरी जाऊन सोडवतो ते. आता कोणी मार्क देणार नाही, पण मला पाहायचंय."

त्यानंतर अकरा दिवसांनी, भर दुपारी, तो खांबावर गेला.

लाइन त्यानेच बंद केली होती. पण त्या रस्त्यावरच्या एका इमारतीत वीज गेली म्हणून जनरेटर चालू केला, आणि तो जनरेटर मधला स्विच न बसवताच सरळ घरच्या वायरिंगला जोडलेला होता. वीज उलट्या वाटेने ट्रान्सफॉर्मरमधून तारेवर आली. अशी उलटी वीज येऊ शकते म्हणून वर चढण्याआधी तारा जमिनीला जोडायच्या असतात. ते साहित्य दुसऱ्या गाडीत होतं, ती गाडी दुसरीकडे. त्याने वाट पाहायला हवी होती, असं कंपनीच्या चौकशीत लिहिलं. खालून पन्नास माणसं वीज कधी येणार म्हणून ओरडत होती, ते त्यात लिहिलं नाही.

आम्हाला त्याच दिवशी पाचला कळलं. त्याच्याबरोबर शिकणाऱ्या एकाने येऊन सांगितलं. बाई रजिस्टर लिहीत होत्या. त्यांनी ओळ पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "उतरवलं का त्यांना खाली?"

"हो, बाई."

"बरं," असं म्हणून त्या बसून राहिल्या. मी पाणी नेलं, ते तसंच राहिलं.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये तो वर्गात पहिला होता. शंभरपैकी सत्त्याऐंशी. मॅट्रिक्समध्ये एकोणऐंशी. गुणपत्रिका ज्याची त्याने सही करून न्यायची असते. बाईंनी ती दोन दिवस खणात ठेवली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "भाऊ, माझ्याबरोबर याल? एकटीने जमणार नाही."

दोन खोल्यांचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर अर्धवट गणवेश. त्याची म्हातारी आई आतल्या खोलीत झोपून होती. बायकोने आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभी राहिली. टेबलावर त्याच्या वह्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरच्या वहीत पेन अडकवलेलं होतं, आणि ते कोणी काढलं नव्हतं.

बाईंनी गुणपत्रिका दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली.

"हे सत्त्याऐंशी कशात?"

"अवघड गणितात. सगळ्यात जास्त त्यांचे आहेत."

"आणि मग पुढे काय असतं?"

"पुढे अजून एक सत्र. मग त्यांना हवा होता तो विषय."

मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं, तिने विचारलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी शिक्का मारला असता, तर हे त्या दिवशी वर असते का?"

मला वाटलं, आता बाई काहीतरी म्हणतील. दैव, नशीब, ज्याची त्याची वेळ, असं जे म्हणतात ते. मी स्वतः तेच म्हणणार होतो, तोंडही उघडलं होतं.

"नसते," बाई म्हणाल्या. "ते खालच्या खोलीत असते."

बायकोने मान हलवली. तिला उत्तर माहीत होतं. ते कोणीतरी खोटं न बोलता सांगावं, एवढंच हवं होतं असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "दुसरा तो जो लागला तिथे, तो नापास झाला म्हणे. दोनदा. त्याला कोणी काही विचारलं नाही. अजून तिथेच आहे."

"हो. मलाही कळलं."

"तुम्ही म्हणाला होतात, परत वर पाठवतील."

"मला तसं वाटलं होतं."

"तुमचं ऐकलं हो त्यांनी. माझं कधी ऐकायचे नाहीत. तुमचं ऐकलं." हे म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला. तिने गुणपत्रिका वह्यांवर ठेवली आणि दार उघडून धरलं. "आता या तुम्ही. आईंना जाग येईल."

जिना उतरताना बाईंनी कठडा धरला होता. दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही चुकीचं काही सांगितलं नव्हतं."

"गणिताबद्दल नव्हतं," त्या म्हणाल्या.

पुढच्या सत्राला बाईंनी एकही फॉर्म परत केला नाही. वाचलाच नाही. येईल त्यावर शिक्का. सर खूश होऊन म्हणाले, "या वेळी किती भरभर आटपलं काम." मुलांना तर सुटल्यासारखं झालं. फक्त माझ्या खोलीतून ऐकू येणारा आवाज बंद झाला. निकाल लागला तेव्हा कंट्रोलच्या पेपरात निम्म्याहून जास्त माणसं गेली होती. त्यात एक लिफ्ट दुरुस्त करणारी बाई होती. ती निकालाचा कागद घेऊन ऑफिसच्या बाहेर बाकावर बसली आणि शेजारणीला म्हणाली, "माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे गं."

बाईंनी ते ऐकलं. उठल्या, दार लावून घेतलं आणि बऱ्याच वेळाने उघडलं. मी चहा घेऊन गेलो तर त्या तक्त्यासमोर उभ्या होत्या.

"भाऊ, मला एक सांगा. त्या दिवशी मी शिक्का मारला असता, आणि वर म्हटलं असतं की रोज साडेचारला या, मी तुम्हाला गणित शिकवते, जो पेपर चालू आहे त्याला लागेल तेवढं, लागेल तसं. जमलं असतं की नाही?"

मी म्हटलं, "जमलं असतं."

"त्यांना खोलीही मिळाली असती. गणितही आलं असतं. पेपर कदाचित एकदा गेला असता, दुसऱ्यांदा निघाला असता. तसंही वर्षभर मी त्यांना उभ्या उभ्या शिकवतच होते." त्या तक्त्याकडे पाहत होत्या. "इतकी साधी गोष्ट. मला सुचली नाही. मला फक्त माझा बाक दिसला, तिसऱ्या ओळीतला. समोर बसलेला माणूस दिसलाच नाही."

चहा ठेवून मी परत आलो.

त्या लिफ्टवाल्या बाईला त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं, रोज साडेचार ते पाच माझ्या प्रयोगशाळेच्या मागच्या बाकांवर बाई शिकवायच्या. फॉर्म पुन्हा वाचायला लागल्या, पण पहिला प्रश्न बदलला. आता त्या आधी विचारायच्या, "काम काय करता? कुठे करता? घाई कशाची आहे?" आणि मग गणिताचं. कोणाला थांबवायच्या, कोणाला शिक्का देऊन बाकावर बसवायच्या. किती जण त्या बाकावरून पुढे गेले ते मी मोजलं नाही. बरेच गेले. कोणी मिठाई घेऊन आलं की बाई ती माझ्याकडे सरकवायच्या.

वायरमनच्या बायकोला त्यांनी दोन पत्रं लिहिली. काय लिहिलं ते मला माहीत नाही. उत्तर आलं नाही. आणि यावं अशी बाईंची अपेक्षाही नव्हती, निदान तसं त्या म्हणायच्या. तरी ऑफिसात टपाल आलं की पहिल्यांदा सगळे लिफाफे त्याच चाळायच्या.

मागच्या वर्षी घराचं वीजमीटर माझ्या नावावर करून घ्यायला मी वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. नवऱ्याच्या जागी तिला तिथे घेतलंय, एवढं कानावर होतं. ती दुसऱ्या खिडकीत बसली होती. केस बरेच पांढरे झालेत, चष्मा लागलाय. तिने मला ओळखलं. कागद पाहिले, माझं काम नीट करून दिलं, आणि मी निघताना खाली पाहत विचारलं, "त्या बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. गुडघे दुखतात. घरीच असतात."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी तिथून तसाच बाईंकडे गेलो आणि हे सांगितलं. बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. माझं सांगून झालं तरी वाट पाहत राहिल्या.

"अजून काही म्हणाली?"

"नाही, बाई. एवढंच."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "आवाज कसा होता तिचा?"

मी आठवून पाहिलं. मागे माणसांची रांग होती, पंखा घरघरत होता, मला नीटसं ऐकूच आलं नव्हतं. पण बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. म्हणून मी म्हटलं, "साधा होता. विचारतात तसा."